उचगावचे जोते आणि परवान्याची मुदत

कोल्हापुराच्या पूर्वेस, पुणे-बंगळूर महामार्गालगत वसलेल्या उचगावात घर बांधू इच्छिणारा गृहस्थ आपले दिवस कायद्याच्या पुस्तकावरून मोजत नाही; दिवाळी सरली की फक्की मारून पायाची आखणी करावी आणि मृगाच्या आत जोते भरून घ्यावे, हाच हिशेब त्याला वाडवडिलांकडून मिळालेला असतो. या हिशेबात परवान्याचा कागद कसा शिरला, ते पाहण्यासारखे आहे.

1918 साली शाहू छत्रपतींनी कुलकर्णी वतन खालसा करून पगारी तलाठी नेमले आणि गावचे दफ्तर वंशपरंपरेच्या हातून सरकारी नोकराच्या हाती आले. 1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या प्रांतात 1879 च्या जमीन महसूल कायद्याने शेतजमिनीवर घर बांधण्यास कलेक्टरची परवानगी आवश्यक केली होती, मात्र तीन महिन्यांत उत्तर न आल्यास ती मिळाली असे समजावे, अशी सवलतही ठेवली होती. 1966 च्या महसूल संहितेत हीच मुदत 90 दिवसांची राहिली, तर त्याच वर्षीच्या नगररचना कायद्याने बांधकामाच्या अर्जासाठी 60 दिवस ठरवले. मुंबई शहरात तर 1888 च्या कायद्यापासून तीस दिवसांचा हिशेब चालत आला, आणि तेथे परवान्याच्या पहिल्याच कागदाला आयओडी, म्हणजे नापसंतीची सूचना, हे नाव पडले. कारण अमुक अटी पुऱ्या होईतो बांधकाम नापसंत, असा त्याचा मजकूर असतो.

शेजारच्या वळिवड्यास 1943 साली पोलिश निर्वासितांसाठी बराकींची आख्खी वसाहत सरकारी हुकमाने उभी राहिली. फाळणीनंतर तेथेच सिंधी कुटुंबे येऊन गांधीनगर वसले. हुकूम असला म्हणजे घरे किती लवकर उभी राहतात, याचे हे उदाहरण उचगावकरांच्या शिवेलाच आहे.

कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीस गावांनी विरोध केला, त्यावर तोडगा म्हणून 2017 साली 42 गावांचे नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. उचगाव त्यात आले आणि नकाशाची वाट गावच्या कचेरीतून शहराकडे वळली. 2020 च्या एकत्रित नियमावलीने दीड हजार चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला जवळजवळ मोकळीक दिली आणि तीन हजारांपर्यंत दहा दिवसांची मुदत घातली, ही सुधारणा मी मनःपूर्वक स्वागतार्ह मानतो. परंतु खरा विलंब अर्जाच्या आधीचा असतो: सातबाऱ्यावर तीन भावांची सामाईक नावे, वाटप राहिलेले, मोजणीची ‘क’ प्रत हाती यायची. ही मुदत कोणत्याच कलमात मोजलेली नाही. मुदत टळल्याने आपोआप मिळालेल्या परवानगीवर विसंबून कर्ज मिळेल म्हणावे, तर बँकेला शिक्क्याचा नकाशाच लागतो.

तोवर वळवाची पहिली सर येते, फक्कीची पांढरी रेघ मातीत विरून जाते, आणि गवंडी दसऱ्यानंतर बघू म्हणून आपली थापी-ओळंबा पिशवीत भरतो.