सुरा, संभार आणि घरची भट्टी : शूर्पारकाच्या परिसरातील एक जुना प्रश्न

वसईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत लग्नप्रसंगी ‘खिमाड’ नावाचे पेय देण्याची जुनी चाल आहे. गावठी दारूत दालचिनी, वेलदोडा यांसारखा मसाला व साखर घालून ते गरम गरम वाढतात. बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकास या पेयाची कृती ऐकून एक पाली शब्द आठवल्यावाचून राहत नाही. तो शब्द ‘संभारसंयुत्त’ होय.

विनयपिटकातील पाचित्तिय नियमांत मद्यपानाविषयीचा ५१ वा नियम आहे. त्याच्या विवरणात सुरेचे पाच प्रकार दिले आहेत : पिठाची, अपूपाची, भाताची, किण्व घातलेली आणि संभार, म्हणजे मसाल्याची द्रव्ये, मिसळलेली. मेरयाचेही पाचच प्रकार आहेत : फुलांचे, फळांचे, मधाचे, गुळाचे आणि पुन्हा संभाराचे. नियम करणाऱ्यांना त्या काळच्या घराघरांतील मडक्यांची किती बारीक माहिती होती, हे यावरून ध्यानी येते. नियमामागील कथाही अशीच घरगुती आहे. अंबतित्थाच्या नागाला आपल्या तेजाने जिंकणारे स्थविर सागत कोसंबीस आले. उपासकांनी घरोघरी श्रद्धेने दिलेली कापोतिका नावाची मदिरा प्राशन करून ते नगरद्वारी पडले. तेव्हा भगवंतांनी भिक्षूंना विचारले की, हा सागत आता पाण्यातल्या साध्या सापाशी तरी झुंजू शकेल काय? सागताला कोणी फसविले नव्हते. प्रेमाने पुढे केलेल्या पेल्यानेच घात केला, हे आम्हांस या कथेतील मर्म वाटते.

ही सर्व मद्ये आंबवलेली होती. अर्क काढण्याची, म्हणजे ऊर्ध्वपातनाची, कला केव्हा आली याबद्दल विद्वानांत एकमत नाही. तक्षशिलेच्या उत्खननात मिळालेल्या मृत्पात्रांची जुळणी करून सर जॉन मार्शल यांनी एक यंत्र दाखविले. चारसद्द्याजवळील शेखान ढेरी येथील पात्रांवरून रेमंड ऑल्चिन यांनी १९७९ मध्ये भारत हेच ऊर्ध्वपातनाचे आद्य स्थान असावे, असा तर्क मांडला. पुष्कळांना तो मान्य नाही. यंत्र मात्र तेव्हाचे असो की पुढचे, त्याचे तत्त्व साधे आहे. चुलीवर आंबवणाचे मडके, त्याच्या तोंडावर मातीने लिंपलेले झाकण, त्यातून निघणारी बांबूची नळी आणि गार पाण्यात बसविलेले दुसरे भांडे. मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. म्हणून वाफेत मद्यार्काचा अंश अधिक असतो व आरंभी गळते ते अधिक जहाल. ‘पहिल्या धारेची’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात माडाच्या सुरेपासून असा अर्क काढीत असल्याची नोंद आहे. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती.

राज्यसत्तेने या भट्टीकडे नेहमीच महसुलाच्या डोळ्याने पाहिले. अर्थशास्त्रातील सुराध्यक्ष कुटुंबांना विशिष्ट कृत्यांसाठी घरी सुरा करू देतो, आणि उत्सव, समाज व यात्रा यांत चार दिवस मोकळीक देतो. इंग्रजांना एवढीही उदारता मानवली नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीच्या झाडांपर्यंत सरकारचा हात पोहोचला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. ज्या आदिवासींना मोह हे अन्नही होते, त्यांच्या टोपलीत सरकारने दारू पाहिली.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. या ठिकाणी आमच्या वाचकांपैकी अनेकांस अवघड वाटणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पू. बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात या दारूबंदीवर कठोर टीका केली. दारू गाळणे हा आता घरगुती धंदा झाला आहे, पूर्वी गुत्त्यावर पुरुषच पीत, आता घरातच भट्टी आल्याने स्त्रिया व मुलेही पिऊ लागली, असा त्यातील युक्तिवाद होता. पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच बाबासाहेबांनी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यत्यागाची प्रतिज्ञा आहे. काहींना यात विसंगती दिसते. आम्हांस दिसत नाही. शिपायाने फोडलेले मडके दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीवर चढते. प्रतिज्ञा घेणाऱ्याने मडके स्वतः उतरविलेले असते. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी आली ती लोकांच्या चळवळीमुळे. चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. आणि जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती बहुतेक हातावर पोट असणारीच होती.

सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये मिळाला, हे बहुतेकांस ठाऊक असते. वसईनजीकच्या भुईगावास नवव्या लेखाचा तुकडा मिळाला, तो १९५६ मध्ये, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी. त्या लेखात आजारपण, मुलामुलींची लग्ने, जन्म आणि प्रवास या प्रसंगी लोक करीत असलेल्या मंगलविधींचा उल्लेख आहे. असे विधी करावेत, परंतु त्यांचे फळ अल्प, असे सांगून सम्राट धम्ममंगलाकडे वळतो. दास व सेवकांशी नीट वागणे ही त्याने तेथे दिलेली पहिली बाब आहे.