झाडांखालची पंगत

इटालियन शेतकऱ्यांचें सहभोजन म्हटलें कीं आपणां शहरी मंडळींच्या डोळ्यांपुढें एक ठरीव चित्र उभें राहतें. लांबलचक टेबल, वर द्राक्षांचा मांडव, मद्याच्या सुरया, वाफाळलेल्या शेवयांच्या राशी आणि मध्यभागीं एखादी हंसतमुख आजीबाई. आज ज्या पंगतीविषयीं मी बोलणार आहें ती या चित्राशीं पुष्कळशी जुळते. परंतु ती मांडली गेली इटलींत नव्हे, अमेरिकेंतील आर्कान्सा संस्थानांत, 1898 च्या उन्हाळ्यांत. आणि त्या दिवशीं द्राक्षांचा मांडव तर खासच नव्हता. वेल लावल्यापासून चांगलें फळ हातीं येण्यास तीन वर्षें तरी लागतात.

टोंटीटाउन हें त्या गांवाचें नांव. त्याच प्रदेशांत 1686 सालीं ठाणें वसविणारा एन्रिको टोंटी हा इटालियन वंशाचा साहसी प्रवासी. त्याचें नांव या लोकांनीं आपल्या गांवास दिलें. परंतु अमेरिकेंतील त्यांची पहिली वस्ती ही नव्हे.

न्यूयॉर्कचा धनाढ्य ऑस्टिन कॉर्बिन याची मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांत सनीसाइड नांवाची कपाशीची मोठी जहागीर होती. तिच्यासाठीं कष्टाळू कुळें हवीं म्हणून त्यानें रोमचे नगराध्यक्ष प्रिन्स रुस्पोली यांच्याशीं संधान बांधलें, आणि 1895 च्या अखेरीस सुमारें शंभर कुटुंबें बोटीनें न्यू ऑर्लिन्सला उतरलीं. प्रत्येकास साडेबारा एकर जमीन, किंमत सव्याज हप्त्यांनीं फेडावयाची. म्हणजे मालकी कागदावर राहिली आणि कर्ज मात्र पहिल्या दिवसापासून डोक्यावर बसलें. भोंवतीं तळें नि दलदल, पिण्याचें पाणी वाईट. हिंवतापानें घरामागून घर पछाडलें. 1896 सालीं कॉर्बिन घोडागाडीच्या अपघातांत मरण पावला आणि ज्याच्याकडे दाद मागावी असा धनीहि उरला नाहीं. ‘मलेरिया’ हा शब्द मुळीं इटालियनच. त्याचा अर्थ वाईट हवा. दोष हवेचा नसून डासांचा आहे याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना आपल्या सिकंदराबादेस 20 ऑगस्ट 1897 रोजीं सांपडला. त्या काळांत सनीसाइडचे लोक आपलीं माणसें पुरीत होते.

1897 च्या आरंभीं तेथें पिएत्रो बांदिनी नांवाचे धर्मगुरु आले. अंत्यविधि करीत बसण्यापेक्षां जागाच बदलावी असें त्यांच्या मनानें घेतलें असावें. पुढच्या वर्षाच्या प्रारंभीं सुमारें चाळीस कुटुंबें घेऊन ते त्याच संस्थानाच्या वायव्य कोपऱ्यांत, ओझार्क डोंगरांत गेले. जमीन खडकाळ व झुडुपांनीं भरलेली होती. पण हवा निरोगी होती. सुखरूप पोहोंचल्याबद्दल ईश्वराचे आभार मानावे म्हणून त्या उन्हाळ्यांत सर्वांनीं मिळून वनभोजन केलें, असें गांवची परंपरा सांगते.

कशी असेल ती पंगत? पिंपांवर फळ्या टाकून केलेलीं टेबलें, परसांतला भाजीपाला, जाड सालीचे पाव, अंडीं. आणि, मला तरी वाटतें, कोंबडी. या कोंबडीपाशीं आपण थोडें थांबूं.

हे लोक व्हेनेतो, एमिलिया, मार्के अशा प्रांतांतून आले होते. तिकडे बहुतेक ठिकाणीं कुळानें जमीनदाराचें शेत अर्धेलीनें किंवा खंडानें कसावें, आणि शिवाय ठरलेल्या सणांना ठरलेल्या कोंबड्या, खच्ची केलेले कोंबडे व अंडीं त्याच्या वाड्यावर नेऊन द्यावीं, असा करारच असे. या देण्याला त्यांच्या भाषेंत ‘मान’ अशा अर्थाचा शब्द होता! आमच्या कोंकणांतील खोताच्या कुळांना हा मान समजावून सांगावा लागला नसता. कुळ स्वतः काय खाई? मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, ज्यास ते पोलेन्ता म्हणतात. सकाळीं तोच, रात्रीं तोच. निव्वळ मक्यावर राहिल्यानें होणारा पेलाग्रा हा रोग एकोणिसाव्या शतकांत व्हेनेतो प्रांतांत फार माजला होता. त्यांत आधीं कातडी सोलवटे आणि पुढें बुद्धीहि भ्रमिष्ट होई. तेव्हां ओझार्कच्या त्या झाडांखालीं जी कोंबडी रांधली गेली ती मायदेशाची आठवण म्हणून नव्हे. जी वाड्यावर जावयाची ती आतां स्वतःच्या ताटांत पडली होती. आपण ज्यास इटलीची प्राचीन चाल समजतों तो भरगच्च थाट पुष्कळ अंशीं परदेशांत, पोट भरूं लागल्यावर, जन्मास आला.

या थाटाचा भार बायकांवर पडला हेंहि सांगितलें पाहिजे. पहिल्या वर्षांत पुरुष रोख पैशासाठीं खाणींत व रेल्वेच्या कामावर जात. मागें झुडुपें तोडणें, जमीन उकरणें, पोरें संभाळणें आणि सणाच्या दिवशीं पहांटे चूल पेटविणें, हें सर्व त्यांच्याकडेच.

पुढें वेली धरल्या आणि पंगत द्राक्षांच्या हंगामांत, ऑगस्टांत, होऊं लागली. आजहि तेथें द्राक्षोत्सव भरतो व ताटांत दोन जिन्नस हमखास असतात: स्पागेत्ती आणि तळलेली कोंबडी. कोंबडी तळण्याची ही तऱ्हा अमेरिकेच्या दक्षिणेची. स्पागेत्तीहि व्हेनेतोच्या गरिबाचें रोजचें अन्न नव्हे. ज्या पोलेन्तानें पिढ्यान्‌पिढ्या जगविल्या आणि आजारीहि पाडल्या, ती मात्र द्राक्षोत्सवाचें पक्वान्न झाली नाहीं. आरंभीं या परकीयांस सुखानें राहूं न देणाऱ्या त्याच मुलखांतले लोक आतां तिकीट काढून त्यांच्या पंगतीला बसतात.

आणि सनीसाइडला मागें राहिलेल्यांचें काय झालें? 1907 सालीं अमेरिकन सरकारनें मेरी ग्रेस क्वाकेनबॉस या वकील बाईंना तेथें चौकशीस पाठविलें. कर्जाच्या पाशांत कुळें वेठबिगारासारखीं जखडलेलीं त्यांना आढळलीं. त्या सुमारास टोंटीटाउनच्या वेली फळांनीं लवूं लागल्या होत्या.