वसईचा कोट आणि सेंट जोसेफचें चर्च

भिवंडीलगतच्या शेलार गांवाहून वज्रेश्वरीच्या दर्शनास जाणाऱ्या माणसास देवीच्या पायऱ्यांशीं पोंचतांच एक गोष्ट जाणवते. हें देऊळ दुरून एखाद्या लहानशा किल्ल्यासारखें दिसतें. त्याचें कारण वसईला आहे. वसई हातीं आली तर तुझें मंदिर बांधीन, असा नवस चिमाजीअप्पांनीं देवीला केला होता, अशी परंपरा आहे. म्हणून वज्रेश्वरीचें दर्शन झाल्यावर वसईचा कोटहि पाहावा, म्हणजे हकीकत पुरी होते.

1534 सालीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसईचा मुलूख पोर्तुगीजांस तहानें दिला. पुढें दोनशें वर्षें त्यांच्या उत्तरेकडील प्रांताचें हेंच मुख्य ठाणें होतें. कोटाला तिन्ही बाजूंनीं पाण्याचा व दलदलीचा आधार. आंत राजवाड्यासारखीं घरें, मठ आणि चर्चें. 1657 सालीं कल्याण-भिवंडी घेऊन शिवछत्रपतींनीं खाडीकांठीं गलबतें बांधावयास आरंभ केला, तेव्हां त्या कामावर पोर्तुगीज कारागीरहि होते. वसईच्या अधिकाऱ्यांनीं त्यांस फितवून परत नेलें. शेजारच्या सत्तेचें आरमार त्यांस नको होतें.

कोटांत शिरल्यावर दृष्टि ठरते ती सेंट जोसेफच्या उंच मनोऱ्यावर. सोळाव्या शतकाच्या मध्यास उभारलेलें हें चर्च 1601 सालीं गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांच्या कारकीर्दींत पुन्हां बांधण्यांत आलें. लोक यास कथीड्रल म्हणतात. परंतु बिशपाचें पीठ त्या काळीं येथें नव्हतें. हें नगराचें मातृचर्च होतें. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत 1998 सालीं झाला आणि त्याचें कथीड्रल कोटाबाहेर पापडी येथें आहे. याच वसईंत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 सालीं जपानांत नागासाकी येथें क्रुसावर मरण पावले. 1862 सालीं त्यांस संतपद मिळालें.

मनोऱ्याचें सौंदर्य पाहतांना त्याची दुसरी बाजू विसरतां येत नाहीं. त्या राज्यांत हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं, सण-विधींवर बंदी आली, धर्मांतरासाठीं जुलूम झाला. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक याच जाचास विटून पेशव्यांकडे गेले. 1737 सालीं मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली आणि 1739 सालीं वसईस वेढा पडला. सुरुंगांनीं बुरूज फुटले, खिंडारांत हजारों माणसें पडलीं, तेव्हां मे महिन्यांत निशाण बदललें.

आतां खरी कसोटी होती जेत्याची. इतकें रक्त सांडल्यावर सूड घेण्यास निमित्त शोधावें लागलें नसतें. तथापि चिमाजीअप्पांनीं मुदत देऊन पोर्तुगीजांस बायकामुलें व चीजवस्तूंसह सन्मानानें जाऊं दिलें. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक तहांत दिली. चर्चांच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून काढून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटा त्यांपैकींच होय. औदार्य आणि विजयाचा अभिमान हीं दोन्हीं एकाच वेळीं नांदलीं, हें इतिहासानें लपवूं नये.

या कोटाच्या नशिबीं आणखी एक दिवस होता. 31 डिसेंबर 1802 रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह केला तो वसईसच. जें ठाणें एका पिढीनें प्राण वेंचून मिळविलें, त्याच्याच नांवाच्या तहानें चौसष्ट वर्षांच्या आंत मराठी राज्याचें स्वातंत्र्य गहाण पडलें.

आज छपराविना उभ्या असलेल्या त्या चर्चांत वडापिंपळाचीं मुळें शिरलीं आहेत. वसईच्या परिसरांत मराठी बोलणारे ख्रिस्ती व हिंदू शेजारी म्हणून नांदतात. मनोरा आणि वज्रेश्वरीची पायरी हीं दोन्हीं त्यांच्याच पूर्वजांची कहाणी सांगतात. जो एक पाहून परततो, त्यास ती अर्धीच कळते.