मुक्कामाला आलेली माणसे : खानदेश आणि सुरत

खानदेशातील स्थलांतराच्या इतिहासात दुष्काळ, बंद पडलेल्या गिरण्या आणि सुरतेचे यंत्रमाग यांची नोंद सापडते. परंतु परमुलखात कामाला असलेल्या माणसाकडे गावाहून येणारा नातलग, त्याचा मुक्काम आणि त्याची बडदास्त यांना त्या इतिहासात जवळजवळ जागा मिळालेली नाही. वस्तुतः जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांतील माणसांचा सुरतेत जम बसला तो पाहुणचाराच्या या प्रथेच्या आधाराने, आणि म्हणून तिचा विचार कौटुंबिक जिव्हाळ्यापुरता मर्यादित ठेवता येत नाही.

जुन्या खानदेशात नातलगांचे येणे-जाणे शेतीच्या वर्षाला बांधलेले होते. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा येथील मोठा सण; त्या दिवशी पितरांसाठी घागर भरली जाते, गौराईची पूजा होते, निंबाला झोके बांधले जातात आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. लेकीला आणण्यासाठी तिच्या सासरी जाणाऱ्या भावाला किंवा चुलत्याला मुराळी म्हणतात, आणि मुराळी आल्यावाचून लेकीने निघायचे नाही, अशी रीत होती. वर्षाच्या ठरावीक मोबदल्यावर शेतकऱ्याकडे राबणाऱ्या सालदाराचे सालही अखाजीलाच संपत असल्याने मजुराच्या घरीसुद्धा याच दिवसांत थोडी उसंत मिळे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई ही देवी मात्र कुळाची; तिचे रोट, म्हणजे भाऊबंदांच्या घरांतून मोजून घेतलेल्या गव्हाचा प्रसाद, कुळातल्या माणसांनीच खायचे असतात, त्यामुळे दूर गेलेल्यांनाही त्या दिवशी गाव गाठावे लागे.

सुरतेची वाट रेल्वेने सोपी केली. ताप्ती व्हॅली रेल्वेचा लोहमार्ग सुरतेहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा असा 1900 च्या सुमारास अमळनेरला पोहोचला, आणि पुढे जळगावशी जोडला गेल्याने खानदेशाचा कापूस आणि माणसे दोन्ही पश्चिमेकडे जाऊ लागली. त्या काळी सुरत आणि खानदेश एकाच मुंबई इलाख्यात होते. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये वेगळी झाली तेव्हा नवापूर स्थानकाचा फलाटच दोन राज्यांत विभागला गेला, आणि काल शेजारचा असलेला मुलूख परप्रांत ठरला. तरीही ओघ थांबला नाही, उलट वाढला. 1972 च्या दुष्काळाने कोरडवाहू गावांचे कंबरडे मोडले, पुढे अमळनेर, धुळे आणि जळगाव येथील जुन्या कापडगिरण्यांनाही उतरती कळा लागली, आणि त्याच सुमारास सुरतेत यंत्रमाग व छपाईच्या कारखान्यांची संख्या वाढत गेली.

ओडिशातून सुरतेत आलेला कामगार बहुधा एकटा राहत असे, तर खानदेशी कामगार बहुतेक वेळा कुटुंबासह आला. लिंबायत आणि उधना या भागांतील मराठी वस्ती अशा कुटुंबांतूनच उभी राहिली. घर असल्यामुळे पाहुणा आला. तो बारा तासांच्या पाळीवर चालणाऱ्या घरी येई, जेथे रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपलेला असे आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात स्वयंपाक करायचा असे. पाहुण्याच्या पिशवीत दादर ज्वारीचे पीठ, उडदाचे पापड, बिबडे, म्हणजे ज्वारीच्या शिजवलेल्या पिठाचे वाळवण, आणि भरताची वांगी असत. न कळवता आलेल्या माणसासाठी तिखट रश्शात शेव सोडून केलेली शेवभाजी पटकन होई, आणि मुक्काम लांबला तर एखाद्या सुटीच्या दिवशी वरण-बट्टीचा बेत ठरे. या पाहुण्यांपैकी कोणी बहिणीला भेटायला आलेला भाऊ असे, कोणी दहावी झालेला भाचा. चार दिवसांसाठी म्हणून आलेला भाऊ किंवा भाचा मेहुण्याच्या किंवा मामाच्या ओळखीने कारखान्यात लागे, पहिला पगार होईपर्यंत त्याच घरी जेवे, आणि वर्षा-दोन वर्षांनी शेजारी खोली घेऊन स्वतः यजमान होई. मजूर पुरवण्याच्या या व्यवस्थेचा सारा खर्च कामगाराच्या घराने, त्यातही घरातील स्त्रीने, सोसला, आणि कारखानदाराला त्यासाठी एक पैही मोजावी लागली नाही.

सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची साथ पसरल्याच्या बातमीने लाखो लोकांनी काही दिवसांत शहर सोडले. तेव्हा ही प्रथा उलट्या दिशेने चालली, आणि ज्यांनी वर्षानुवर्षे गावच्या माणसांना ठेवून घेतले होते ते स्वतःच गावी पाहुणे झाले. रोगाची भीती असतानाही त्यांना दार उघडून घरात घेणाऱ्या त्या नातलगांचे ऋण मोठे आहे.

अलीकडच्या काळात सर्वांत खोल बदल घडला आहे तो लेकीच्या घराबाबत. लेकीकडे मुक्काम करू नये, तिच्या घरचे पाणीही शक्यतो घेऊ नये, असा दंडक अनेक घरांत पाळला जात असे. पण लेक सुरतेत नांदू लागली आणि आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन किंवा वडिलांचे औषधपाणी तेथेच होऊ लागले, तेव्हा तो दंडक सैल झाला. मुराळी येण्याची वाट पाहणारी लेक आता स्वतः आईवडिलांना उधना स्थानकावर उतरवून घेते. आणि जिच्यासाठी गाव गाठावे लागे ती कानबाईसुद्धा सुरतेच्या वस्त्यांत बसू लागली आहे.

या प्रथेचे साक्षीदार असलेल्या पहिल्या पिढीतील स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत, आणि त्यांच्या घरी कोण, किती दिवस, कोणत्या कामासाठी राहून गेले याची नोंद त्यांच्या आठवणीखेरीज कोठेही नाही. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि सुरतेचे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ यांनी मिळून या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाती घ्यावे. आणि ज्या वाचकांच्या घरी अशी आजी किंवा मावशी आहे त्यांनी विद्यापीठांची वाट न पाहता वही घेऊन तिच्याजवळ बसावे.