प्रश्न आणि प्रश्नकर्ता : कॅथॉलिक 'मॉडर्निझम'चा वाद

साहित्याच्या अभ्यासकाला 'मॉडर्निझम' हा शब्द भेटतो तो आधुनिकतावादी कविता-कादंबरीच्या संदर्भात. कॅथॉलिक चर्चच्या इतिहासात मात्र ते एका पाखंडाचे नाव आहे. ८ सप्टेंबर १९०७ रोजी पोप दहावे पायस यांनी 'पाशेंदी' या परिपत्रकाद्वारे त्याचा निषेध केला आणि सगळ्या पाखंडांचे सार या एका मतात एकवटले असल्याचे सांगितले. हे ज्यांच्याविरुद्ध लिहिले गेले, ते चर्चबाहेरचे शत्रू नव्हते. त्यांतले अनेक जण धर्मगुरूच होते. आपल्याच माणसाने शिकवणीशी असहमती दाखविली तर धर्मसंस्थेने त्याला काय उत्तर द्यावे, हा प्रश्न या प्रकरणात फार ठळकपणे समोर येतो.

वादाचे मूळ बायबलच्या वाचनात होते. प्राचीन ग्रंथांच्या चिकित्सेची जी पद्धत एकोणिसाव्या शतकात, विशेषतः जर्मन विद्यापीठांतून, विकसित झाली, ती बायबललाही लावली जाऊ लागली. ग्रंथ केव्हा रचला गेला, कोणासाठी, त्याला किती हात लागले, हे विचारले जाऊ लागले. पहिले पाच ग्रंथ मोझेसने स्वतः लिहिले, ही परंपरागत समजूत डळमळीत झाली. आल्फ्रेड ल्वाझी हे फ्रेंच धर्मगुरू या पद्धतीचे समर्थ अभ्यासक होते. बायबलविषयक मतांमुळे १८९३ मध्ये पॅरिसच्या कॅथॉलिक विद्यासंस्थेतील त्यांचे अध्यापकपद गेले. पुढे १९०२ साली प्रॉटेस्टंट विद्वान हार्नाक यांच्या मतांचा प्रतिवाद करण्यासाठी त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले. चर्चची रचना आणि सिद्धान्त इतिहासाच्या ओघात वाढत गेले, पण वाढणे म्हणजे भ्रष्ट होणे नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. चर्चच्या बचावासाठी लिहिलेले हे पुस्तक १९०३ मध्ये निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत गेले आणि मार्च १९०८ मध्ये ल्वाझी बहिष्कृत झाले.

जॉर्ज टिरेल यांची कहाणी अधिक विदारक आहे. डब्लिनमध्ये प्रॉटेस्टंट घरात जन्मलेले टिरेल तरुणपणी कॅथॉलिक झाले, जेझुइट संघात गेले. १९०६ मध्ये त्यांना संघातून काढण्यात आले. 'पाशेंदी'वर त्यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर टीका केली, तेव्हा त्यांना संस्कारांपासून वंचित करण्यात आले. १५ जुलै १९०९ रोजी ससेक्समधील स्टॉरिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. आपली मते त्यांनी मागे घेतली नव्हती, म्हणून कॅथॉलिक दफनविधी नाकारला गेला. गावातल्या अँग्लिकन दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. त्यांच्या थडग्यापाशी प्रार्थना करून चार शब्द बोलणारे त्यांचे मित्र, फ्रेंच साहित्य-इतिहासकार आंरी ब्रेमों, यांच्यावरही धर्मगुरू म्हणून निलंबनाची कारवाई झाली.

येथे चर्चची बाजू समजून घेतली पाहिजे. सिद्धान्त म्हणजे माणसाच्या धर्मानुभवाचे बदलते शब्दरूप, एवढेच मानले तर प्रकटीकरणाला अर्थ काय उरतो, हा 'पाशेंदी'मागचा प्रश्न पोकळ नव्हता. ल्वाझी पुढे ख्रिस्ती श्रद्धेपासून खरोखरच दूर गेले. तेव्हा रोमला वाटलेली भीती सर्वस्वी काल्पनिक म्हणता येत नाही. दोष होता तो उपायात. प्रत्येक धर्मप्रांतात दक्षता समित्या नेमल्या गेल्या; सप्टेंबर १९१० पासून धर्मगुरू आणि अध्यापक यांना मॉडर्निझमविरोधी शपथ घेणे सक्तीचे झाले; संशयितांची माहिती गोळा करणारे मोन्सिन्योर बेनिन्यी यांचे गुप्त जाळेही याच काळातले. या जाळ्यात श्रद्धा सोडू पाहणारा आणि श्रद्धेसाठीच अभ्यास करणारा, असे दोघेही सारखेच अडकले.

मारी-जोसेफ लाग्रांज हे त्याचे उदाहरण. या डॉमिनिकन विद्वानाने १८९० मध्ये जेरुसलेमला बायबल-अभ्यासाची संस्था स्थापली. बायबलमधील प्रत्येक कथन आधुनिक इतिहासाच्या मापाने मोजू नये, त्याचा साहित्यप्रकार ओळखून वाचावे, असा त्यांचा आग्रह होता. बखर आणि दफ्तरातले अस्सल पत्र यांत भेद करणाऱ्या मराठी वाचकाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. १९१२ मध्ये रोमने त्यांच्या ग्रंथांना सेमिनरींमध्ये मज्जाव केला. त्यांना काही काळ जेरुसलेमही सोडावे लागले. त्यांनी आज्ञा मानली, वादग्रस्त विषय बाजूला ठेवला आणि शुभवर्तमानांवरील भाष्यांत स्वतःला गुंतवून घेतले. १९३८ मध्ये ते वारले.

त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९४३ रोजी, बारावे पायस यांनी 'दिव्हिनो अफ्लान्ते स्पिरितु' या परिपत्रकात बायबलच्या अभ्यासकांना साहित्यप्रकारांचा विचार करण्यास सांगितले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये तीच भूमिका घेतली. १९६७ मध्ये ती शपथही रद्द झाली. १९९० मध्ये ईशशास्त्रज्ञांच्या कार्याविषयी काढलेल्या सूचनापत्रात रोमने जाहीर विरोधाचा मार्ग अमान्यच केला. परंतु प्रासंगिक स्वरूपाचे काही निर्णय उणिवांपासून मुक्त नसतात, हेही मान्य केले.

संस्थेला आपल्या शिकवणीची सीमा आखण्याचा अधिकार असतो. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु १९०७ नंतरच्या तीन तपांत चर्चने शंकेखोर माणसांचा बंदोबस्त केला, आणि त्यांच्या शंका होत्या तेथेच राहिल्या. अखेर त्यांतल्या एका शंकेला उत्तर द्यावेच लागले, आणि ते लाग्रांज यांच्या उत्तराच्या बरेच जवळचे निघाले. ते ऐकायला लाग्रांज उरले नव्हते. टिरेल यांनी मांडलेला सिद्धान्त आणि अनुभव यांच्या नात्याचा प्रश्न मात्र आजही कॅथॉलिक ईशशास्त्रात वादाचा आहे. आज्ञापालनाने लाग्रांज यांना चर्चमध्ये राखले, यात शंका नाही. पण त्या पाळलेल्या मौनात एका पिढीचा अभ्यास खुंटला, हेही त्याच इतिहासात नोंदले पाहिजे.