गांवची राखण आणि मुलांची जपणूक

“रडूं नकोस, बागुलबुवा येईल, झोळींत घालून नेईल!” मराठी घरांत किती पिढ्या या एका वाक्यानें निजविल्या गेल्या, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाहीं. बागुलबुवा थकला, कीं त्याच्या जागीं झोळीवाला गोसावी येई. गोसावी पुरेनासा झाला, कीं पोलीस शिपायास बोलावणें जाई. म्हणजे कल्पनेंतला राक्षस, निरुपद्रवी भिक्षेकरी आणि संकटसमयीं ज्याच्याकडे धांव घ्यावयाची तो रक्षक, असे तिघेही मुलाच्या मनांत एकाच रांगेंत उभे राहत. खरें भय कोणतें आणि खरा आधार कोणता, हें मुलास ओळखावयास कसें शिकवावें, हा प्रश्न शहरांत जितका निकडीचा आहे तितकाच खेड्यांतही आहे. खेड्यांत मात्र त्याच्या मागें राखणदारीचा एक मोठा इतिहास उभा आहे. आणि ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या दोन डोंगरी तालुक्यांत तो विशेष स्पष्ट दिसतो.

हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं पसरलेले आहेत. शहापूरचा मुलूख पूर्वीं कोळवण म्हणून ओळखला जाई. त्याच्या उशाशीं माहुलीचा किल्ला आहे. १६३६ सालीं मोंगल व विजापूरकर यांनीं शहाजीराजांस वेढलें तें याच किल्ल्यावर. मुरबाडच्या अंगास माळशेज व नाणेघाट. घाटावरील जुन्नर आणि खालचीं कल्याण व सोपारा हीं बंदरें यांच्यामधील व्यापार सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटानें चाले. तेथील दगडी रांजणांत जकातीचीं नाणीं टाकीत, अशी लोकांची सांगी आहे. अशा मुलखांत परका माणूस ही कांहीं नवलाई नव्हती. लमाण, व्यापारी, यात्रेकरू, बैरागी यांची ये-जा नित्याचीच. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, वारली, कुणबी, आगरी अशा येथील लोकांस परक्याचें भय बाळगून चालण्यासारखें नव्हतें, आणि त्याच्याविषयीं गाफील राहूनही चालण्यासारखें नव्हतें. तो कोण, कोठला, कोठें निघाला, हें विचारून घेणें एवढाच मार्ग होता.

हें विचारण्याची व्यवस्था गांवगाड्यांत ठरलेली होती. पाटील हा गांवचा मुख्य. रात्रीं वेशीवर वेसकर जागे. परका मनुष्य आला, तर त्यास चावडीवर नेत, विचारपूस करीत, मुक्कामाची सोय करीत आणि सकाळीं पुढच्या गांवच्या शिवेपर्यंत पोंचवीत. चोरी झाली, तर जागल्या पावलांचा माग काढी. माग ज्या गांवच्या शिवेंत शिरे, त्या गांवानें तो पुढें चालवावयाचा, नाहीं तर भरपाई द्यावयाची. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत या पद्धतीचें वर्णन आहे. घाटवाटांची राखण कोळी नाइकांकडे असे व त्याबद्दल त्यांस हक्क मिळत.

या पद्धतीचें मर्म दोन गोष्टींत होतें. एक, विचारपूस ठराविक माणसानें, ठराविक जागीं, उजेडांत करावयाची. दुसरी, चावडीवर आणलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी गांवावर पडे. संशय घेण्याचा अधिकार आणि सांभाळण्याचें कर्तव्य हीं एकाच हातीं होतीं.

परंतु या चित्राची दुसरी बाजू झांकून ठेवणें न्यायाचें होणार नाहीं. रात्रभर वेशीवर जागणारा, उन्हातान्हांत वाटसरूची सोबत करणारा महार वेसकर स्वतः त्याच वेशीबाहेर राही. त्याची चाकरी अहोरात्र, मोबदला तुटपुंजा आणि मान शून्य. मुंबईच्या विधिमंडळांत डॉक्टर आंबेडकर यांनीं १९२८ सालीं वतनकायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक मांडलें, तें या वेठीविरुद्धच. ज्याच्या जागरणावर गांव निर्धास्त निजत होतें, त्याच्या लेकरांस त्या गांवच्या पाणवठ्यावर जागा नव्हती. जुन्या राखणदारीचे गोडवे गातांना ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

इंग्रजी अंमल सुरू होतांच घाटवाटांच्या राखणदारांचे जुने हक्क कमी झाले. कोळ्यांचीं बंडें पेटलीं, त्याचें हें एक कारण. त्यांचा पुढारी राघोजी भांगरे यास २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. कालचा घाटराखा आज सरकारच्या लेखीं दरोडेखोर ठरला. मग १८६१ सालीं पोलिसांचा कायदा झाला आणि १८६७ सालीं मुंबई इलाख्यासाठीं ग्रामपोलिसांचा स्वतंत्र कायदा झाला. पाटील आतां पोलीस-पाटील म्हणून फौजदारी खात्याशीं बांधला गेला. गांवांत संशयित मनुष्य आला तर वर कळविणें, हें त्याचें काम झालें.

याच सुमारास रूळ आले. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १८५५ त वासिंदला, १८६० त आसनगांवला, १८६१ त कसाऱ्यास पोंचली आणि १८६५ सालीं थळघाट चढून इगतपुरीस गेली. पूर्वीं परका माणूस वेशींतून येई. आतां तो स्टेशनांत उतरूं लागला, आणि तेथें कोणी वेसकर नव्हता. गर्दींत कोणी कोणास ओळखीत नाहीं, हा शहरांतला अनुभव खेड्याच्या दारीं आला. मुरबाडच्या वाट्यास त्या काळीं रेल्वे आली नाहीं. तरी पौषी पौर्णिमेस भरणाऱ्या म्हसेच्या यात्रेंत, गुरांच्या त्या अफाट बाजारांत, आईचा पदर सुटलेलें मूल शोधणें हें कांहीं सोपें काम नव्हे.

कायद्यानेंही परक्याकडे पाहण्याची एक वाईट खोड लावली. १८७१ सालीं सरकारनें कांहीं जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरविल्या. १९११ च्या कायद्यानें ही तरतूद मुंबई इलाख्यांतही लागू होऊं शकली. माणूस काय करतो हें न पाहतां तो कोणाच्या पोटीं जन्मला हें पाहून संशय घेण्यास राजमान्यता मिळाली. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला. मनांतला संशय मात्र त्यानें रद्द झाला नाहीं.

उलट, परका मनुष्य हाच आपला असूं शकतो, हेंही याच डोंगरांनीं पाहिलें आहे. बेचाळीसच्या लढ्यांत भाई कोतवाल व त्यांचे साथी मुरबाडच्या रानांत राहिले. २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडाजवळ पोलिसांच्या गोळ्यांनीं भाई कोतवाल व हिराजी पाटील यांस वीरमरण आलें. अनोळखी माणसाची खबर वर पोंचविणें हें नेहमींच पुण्यकर्म असतें असें नाहीं, हा धडा त्या रानांत लिहिलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर गांवगाडा बदलला. १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें गेलीं व वेसकराची वेठ संपली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानें पोलीस-पाटलाचें पद वंशपरंपरेचें न राहतां नेमणुकीचें झालें. आतां स्त्रियाही त्या पदावर काम करतात. मुंबई पोलीस अधिनियमांत ग्रामरक्षक दलांची तरतूद झाली. २००७ सालीं राज्यांत तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली. शहापूर, वासिंद, कसारा, किन्हवली, मुरबाड व टोकावडे या पोलीस ठाण्यांच्या हद्दींत डोंगरपाडे दूरवर विखुरलेले आहेत. तेथें शिपाई पोंचण्यापूर्वीं शेजारीच पोंचतो. म्हणून लोकांच्या साह्यावांचून पोलिसांचें काम येथें चालणें कठीण.

पण हें साह्य कोणत्या वाटेनें जातें, तें महत्त्वाचें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. बाजाराच्या दिवशीं तेथें आलेल्या पांच भटक्या गोसाव्यांस जमावानें ठार मारलें, आणि तेंही ग्रामपंचायतीच्या खोलींत. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, पूर्वीं ठाणें जिल्ह्यांतच असलेल्या व २०१४ पासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यांत, गडचिंचले येथें दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक यांस जमावानें मारलें. तेथेंही मुलें चोरणारे फिरतात अशी अफवा होती, आणि गांवकरी रात्रीं पहारा देत होते. लेकरांच्या मायेनें सुरू झालेला पहारा निरपराधांच्या रक्तांत संपला. झोळीवाल्या बागुलबुवास भिऊन वाढलेलीं मुलें मोठीं होऊन पहाऱ्यावर उभीं राहिलीं, तर दुसरें काय व्हावें? चावडी होती, पण चावडीचा धर्म हरपला होता. विचारपूस करणारा कोणी नव्हता आणि आणलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी कोणीच घेतली नाहीं.

आणि ज्या भयापोटीं हें सारें घडतें, तें भय तरी नेमक्या जागीं आहे काय? १९९६ सालीं उघडकीस आलेल्या, कोल्हापुरांत खटला चाललेल्या प्रकरणांत गर्दीच्या ठिकाणांहून मुलें पळविणाऱ्या होत्या एक आई व तिच्या दोन मुली. कोणतेंही मूल त्यांना “मावशी” म्हणून हांक मारतें. २०२२ सालीं कसारा घाटावरच्या इगतपुरी तालुक्यांतील कातकरी मुलांचें प्रकरण बाहेर आलें. थोड्याशा पैशांच्या व एखाद्या मेंढीच्या बदल्यांत तीं मेंढ्या राखण्यास नेलीं गेलीं होतीं, आणि त्यांतील एका दहा वर्षांच्या मुलीचा अंत झाला. तेथें कोणी झोळीवाला रात्रीं आला नव्हता. ओळखीचा मध्यस्थ दिवसाढवळ्या दारांत बसून बोलला होता, आणि घरांतील दारिद्र्यानें त्यास बसावयास पाट दिला होता. वीटभट्टीसाठीं घरें सोडून जाणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांनाही ही गोष्ट परकी नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें मुरबाडच्या शेजारच्या अंबरनाथ तालुक्यांत, बदलापूर येथें, शाळेंतच दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोप शाळेंतीलच एका सफाई-कामगारावर होता. तक्रार नोंदविण्यास विलंब झाला म्हणून संतापलेले लोक २० ऑगस्टला रेल्वेमार्ग अडवून बसले. देशांतील नोंदी दरवर्षीं हेंच सांगतात कीं, मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या शंभर प्रकरणांपैकीं नव्वदांहून अधिकांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो.

यावरून “अनोळख्याशीं बोलूं नकोस” हा एकच धडा अपुरा आहे, हें उघड होतें. मुलास माणसाची जात, पोशाख किंवा झोळी ओळखावयास शिकवूं नये. वागणूक ओळखावयास शिकवावें. मोठ्या माणसास मदत हवी असेल तर तो मोठ्यांकडे जातो, एकट्या मुलाकडे येत नाहीं. “आईला सांगूं नकोस” असें जो म्हणतो, त्याची गोष्ट आईला सर्वांत आधीं सांगावी. अंगास केलेला नकोसा स्पर्श काकाचा असो, शेजाऱ्याचा असो, कीं मास्तरांचा असो, “नको” म्हणणें हा उद्धटपणा नव्हे. किल्ल्याच्या दरवाजावर जसा परवलीचा शब्द असे, तसा प्रत्येक घराचा एक शब्द असावा. “तुझ्या बाबांनीं पाठविलें आहे” म्हणणाऱ्यास तो सांगतां आला नाहीं, तर त्याच्याबरोबर पाऊल टाकूं नये. आणि १०९८ हा आंकडा पाढ्यांसारखा तोंडपाठ असावा. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकारानें १९९६ सालीं मुंबईंत ही मुलांसाठींची दूरध्वनि-सेवा सुरू झाली, आणि आज ती देशभर आहे.

कायदा येथें बराच पुढें आला आहे. १९२४ च्या मुंबई बालक कायद्यापासून सुरू झालेली वाट २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून मुलांचें संरक्षण करणाऱ्या कायद्यापर्यंत आली. असा अपराध कळूनही न कळविणें हाच त्या कायद्यानें अपराध ठरविला. हरवलेल्या मुलाची तक्रार येतांच गुन्हा नोंदवावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं सांगितलें. २०१२ च्या कायद्यांतील एक कलम तर प्रत्येक आईबापानें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे : मुलाचा जबाब घेतांना पोलीस अधिकाऱ्यानें गणवेश घालूं नये. कायद्यास ठाऊक आहे कीं, घरोघरीं पोलिसाचा बागुलबुवा केला गेला आहे. शाळेंत येऊन मुलांशीं बोलणाऱ्या शिपायाचें अर्धें काम हें भय पुसण्यांतच खर्च होतें.

जुन्या वेसकरानें गांवाला एक गोष्ट शिकविली होती : वेशीवर डोळे उघडे ठेवावेत, प्रश्न विचारावा आणि आलेल्यास सुखरूप पोंचवावें. आज वेस उरली नाहीं, आणि भय बहुधा वेशीच्या आंतच वावरतें. म्हणून ही राखण आतां प्रत्येक उंबरठ्यावर आली आहे. घाबरलेलें मूल चुकते, पण विश्वास दिलेलें मूल बोलतें. संध्याकाळीं दिवा लावल्यावर मुलास बागुलबुवाची भीति घालण्याऐवजीं “आज काय काय झालें?” एवढेंच विचारावें, आणि तें जें सांगेल तें अर्ध्यावर न तोडतां ऐकावें. कान उघडे असलेल्या घरांत लेकराला आपलें दुःख लपवावें लागत नाहीं, आणि त्या गांवांत वाटेवरच्या गोसाव्यासही जिवाचें भय उरत नाहीं.