क्षेत्र आणि शेत : वि. म. दांडेकर यांच्या पीकविमाविषयक विचाराचा इतिहास

पुणे जिल्ह्यात शेतीची प्रत्यक्ष मोजदाद करण्याची परंपरा जुनी आहे. शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक या गावाची हॅरोल्ड मान व एन. व्ही. कानिटकर यांनी केलेली पाहणी १९२१ साली प्रसिद्ध झाली. हीच परंपरा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर (१९२०–१९९५) यांनी संख्याशास्त्राच्या पायावर पुढे नेली. भाव, उत्पादन आणि बाजारात येणारे धान्य यांचा परस्परसंबंध त्यांनी १९६४ साली तपासला. नीलकंठ रथ यांच्यासह केलेला दारिद्र्याचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु त्यांच्या संख्याशास्त्रीय दृष्टीची खरी कसोटी लागली ती पीकविम्यात.

१९७२ ते १९७८ या काळात व्यक्तिगत नुकसानावर आधारलेल्या प्रायोगिक विम्यात ३,११० शेतकरी सहभागी झाले. हप्ता जमला ४.५४ लाख रुपये. भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख. प्रत्येक शेताचा पूर्वीचा उतारा नोंदलेला नसतो, आणि पीक हवामानाने बुडाले की हयगयीने, हे ठरविणे दुर्घट असते. म्हणून दांडेकरांनी १९७६ साली असे प्रतिपादन केले की, भरपाई शेताच्या नव्हे, तर क्षेत्राच्या सरासरी उताऱ्यावरून ठरवावी. हा उतारा पीककापणी प्रयोगांतून मिळू शकतो. शिवाय कष्टाळू शेतकऱ्याचे जादा पीक त्याच्याच पदरी राहते. १९७९ची प्रायोगिक आणि १९८५ची सर्वंकष योजना याच तत्त्वावर उभ्या राहिल्या.

या विचाराची एक अट मात्र होती : क्षेत्र एकजिनसी हवे. शिरूर व दौंड हे अवर्षणप्रवण तालुके ही अट किती कठीण आहे, ते दाखवितात. भीमेकाठची खोल काळी जमीन ओलावा धरून ठेवते आणि रब्बीची ज्वारी तगविते. माळावरच्या उथळ, मुरमाड जमिनीत तीच ज्वारी करपते. दोन्ही एकाच सरासरीत मोजल्या, तर माळावरच्या शेतकऱ्याचे नुकसान काळ्या जमिनीच्या पिकाआड लपते. २०१६च्या योजनेने प्रमुख पिकांसाठी घटक ग्रामपंचायतीपर्यंत खाली आणण्याची तरतूद केली. ती दांडेकरांच्या तत्त्वाचा त्याग नव्हे. त्यांच्याच अटीची उशिरा झालेली पूर्तता होय. अर्थात घटक लहान झाला की कापणी प्रयोगांची संख्या वाढते, आणि त्यांच्या अचूकतेवरच सारी भिस्त राहते.

अखेर वाद 'नुकसान' या शब्दाच्या अर्थाचा आहे. शेतकऱ्याच्या तोंडी तो त्याच्या बांधाच्या आतला असतो. योजनेच्या भाषेत तो एका क्षेत्राचा असतो. या दोन अर्थांतील अंतर कमी करणे, हेच पीकविम्याचे अपुरे राहिलेले कार्य आहे.